अनामत जप्त, खरेदीदार हजर

चावीवाल्याच्या दुकानाला बँकेने सील ठोकलं, तेव्हा त्यासाठी लागणारं कुलूप चावीवाल्यानेच पुरवलं.

दुकान भाड्याचं होतं. मालकाने ते गहाण ठेवून कर्ज उचललं, हप्ते बुडवले आणि स्वतः गडप झाला. मग एका सकाळी बँकेची माणसं आली. त्यांनी लाख आणली होती, मेणबत्ती आणली होती, फोटो काढायला एक माणूसही आणला होता. कुलूपही आणलं होतं, पण ते दाबलं तरी बंद होईना. वसुलीसाहेबांनी ते दोनदा दाबून पाहिलं, मग दगडाने ठोकलं, मग त्यात फुंकर मारली.

"हे कुलूप?" चावीवाल्याच्या जिवाला लागलं. "माझ्या दुकानाला? साहेब, रस्त्यावरून लोक जातात. बघतील तर काय म्हणतील?"

आणि तो आत जाऊन वरच्या फळीवरचं आठ लिव्हरचं, मुठीएवढं जाड कुलूप घेऊन आला. फडक्याने पुसलं, तेलाचा थेंब सोडला, घाऊक भाव लावला आणि सगळ्या चाव्या इमानदारीत साहेबांच्या तळहातावर ठेवल्या. "चावीशिवाय हे बापजन्मात उघडायचं नाही," असंही सांगितलं. शटर त्यानेच ओढलं, कुलूप त्यानेच दाबलं. लाख गरम करताना फोटोवाल्याचं बोट भाजलं, तर त्याला फुंकरही यानेच घातली. बँकेची गाडी वळणाआड गेली तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की चावी कापायचं मशीन, कानशी, सगळा माल आणि जेवणाचा डबा आतच राहिलाय.

"डबा कुठाय?" घरी आल्यावर बायकोने विचारलं.

"सील झाला."

बायकोला गल्लीत सगळे वहिनी म्हणत, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनीच्या कडेवर वर्षभराची चिमणी होती आणि चिमणीला दात येत होते, त्यामुळे घरात तशीही कुणाची झोप झालेली नव्हती. सगळी हकीकत ऐकून तिने चिमणीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"म्हणजे चोर घरी आला आणि तुम्ही त्याला शिडी धरलीत."

"अगं, चोर काय म्हणतेस! बँक आहे ती. आणि कुलूप रोखीने घेतलं त्यांनी."

*

बँकेने दुकान लिलावात काढलं, आणि ते आपणच घ्यायचं ही कल्पना वहिनीची. लग्नाआधीपासून ती औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं तपासायला जायची. चिमणी झाली, सांभाळायला कुणी नव्हतं, नोकरी सुटली. सुटताना जे पैसे हाती आले ते तिने हात न लावता तसेच ठेवले होते. तिच्या डोक्यात दुकानाचा नकाशा तयार होता. पुढच्या अर्ध्यात नवऱ्याच्या चाव्या, उरलेल्या अर्ध्यात तिचं झेरॉक्सचं मशीन, आणि मागे पोटमाळ्याखाली सावलीत चिमणीची झोळी. काम करता करता मान वळवली की पोर दिसली पाहिजे, एवढंच तिला हवं होतं. पण एवढं देणारी नोकरी तिला कुणी दिली नव्हती.

लिलावात उतरायचं तर आधी अनामत भरायची. बोली मिळाली की उरलेली रक्कम पंधरा दिवसांत भरायची. नाही भरली तर अनामत जप्त. वहिनीने तिचे पैसे काढले. बाईच्या नावावर घेतलं तर नोंदणीचा खर्च कमी पडतो, असं चावीवाल्याला कुणी तरी सांगितलं होतं, म्हणून अर्ज तिच्या नावाने भरला. पैसे तिचे, नाव तिचं, सही तिची. बोलीच्या दिवशी संगणकाचं बटण दाबायला मात्र बोट त्याचं, कारण तिच्या एका हातात चिमणी होती आणि दुसऱ्या हातात चिमणीची वाटी.

बोली मिळाली. चावीवाल्याने चिमणीला उचलून छताला टेकवलं. चिमणीने त्याच्या शर्टावर ओकून आनंद साजरा केला.

दुसऱ्या दिवशी तिघंही त्याच बँकेत कर्ज मागायला गेली.

एका मोठ्या खोलीत काचेचा एक पडदा होता. त्याच्या अलीकडे वसुलीसाहेब, पलीकडे कर्जवाल्या मॅडम. मॅडम चांगल्या बोलल्या. कागद पाहिले, चिमणीच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "कर्ज होईल. आमचा माणूस दुकान आतून बघून येईल, की झालं."

"आतून?" वहिनी म्हणाली. "पण ते तर तुमच्याच बँकेने बंद केलंय."

"मग तिकडे सांगा, उघडून देतील."

वहिनी पडद्याच्या अलीकडे आली.

"पैसे भरल्याशिवाय ताबा नाही," वसुलीसाहेब म्हणाले. "जसं आहे तसं, जिथे आहे तिथे. अटी वाचल्या होत्या ना?"

"ताबा नकोय, साहेब. नुसतं बघायचंय. बघितल्याशिवाय त्या मॅडम पैसे देत नाहीत."

"तो कर्ज विभागाचा प्रश्न आहे."

पलीकडे मॅडम म्हणाल्या, "तो वसुली विभागाचा प्रश्न आहे."

असं चार दिवस चाललं. वहिनी चिमणीला घेऊन त्या काचेच्या पडद्याच्या अलीकडे-पलीकडे येरझारा घालत राहिली. चिमणीला वाटलं, आई आपल्याला झोपवतेय, म्हणून ती झोपायची. आई थांबली की उठून रडायची. त्यामुळे वहिनीला थांबताही येईना. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने पाहिलं, तर साहेब आणि मॅडम एकाच टेबलाशी बसून एकमेकांच्या डब्यातली भाजी खात होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाजीला पडदा आड येत नाही वाटतं?" ती टेबलाशी जाऊन उभी राहिली. "तुम्ही दोघं एका डब्यातलं जेवता, आणि माझ्या कागदाला इकडून तिकडे जायला जागा नाही?"

मॅडमना ठसका लागला. वसुलीसाहेबांनी घास गिळला, हात पुसला, आणि बहुधा लोक बघत होते म्हणून म्हणाले, "बरं बरं. पाहणीपुरतं उघडून देऊ. चावी काढतो."

*

चावी बँकेच्या तिजोरीत, लिफाफ्यात, सही-शिक्क्यात होती. लिफाफा फोडला. आत एक चपटी, गंजलेली, बोटाच्या पेराएवढी चावी निघाली.

चावीवाल्याने ती नुसती लांबून पाहिली. "ही कपाटाची आहे, साहेब."

"कशावरून?"

"ही आठ लिव्हरची असेल तर मी वैमानिक आहे."

मग शोधाशोध सुरू झाली. खणातून, डब्यातून, शिपायाच्या खिशातून चाव्यांचा ढीग निघाला. त्यात आठ लिव्हरची एकही नव्हती. साहेबांनी पुढे ज्याच्या हाती चाव्या दिल्या होत्या तो कारकून बदली होऊन दुसऱ्या गावी गेला होता आणि फोनवर शपथेवर सांगत होता की त्याने बरोबर लिफाफ्यात बरोबर चावी ठेवली. त्याच सुमारास एका बंद कपाटापुढे एक बाई केव्हाची उभी होती आणि विचारत होती, "माझ्या कपाटाची चावी कुणी नेलीय का?"

"त्यात काय एवढं," चावीवाला बाह्या सारत म्हणाला. "मीच उघडून देतो. चहा होईपर्यंत..."

"थांबा!" वसुलीसाहेब खुर्चीतून उठलेच. "खरेदीदाराला ताबा मिळेपर्यंत मालमत्तेला हात लावता येत नाही. नियम आहे. उद्या म्हणाल, आतलं काही तरी गेलं. आमच्या पॅनेलवरचा चावीवाला येईल. त्याच्याने झालं नाही तर बाहेरचा कुणीही आणता येतो. खरेदीदार सोडून." मग त्यांनी पेन उघडलं. "खरेदीदार कोण?"

वहिनीने नवऱ्याकडे बोट केलं. नवऱ्याने मान डोलावली. साहेबांनी शेरा मारला. चिमणी मधल्या मध्ये साहेबांचा रबरी शिक्का तोंडात घालून चावत होती, तेवढा तो काढून घेतला गेला.

पॅनेलवाला आला तो मोठी पेटी घेऊन. दुकानापुढे गर्दी जमली. त्याने आधी तारा घातल्या, मग वाकवून घातल्या, मग पालथं पडून घातल्या. वहिनीचा जीव टांगणीला लागला होता. मुदत संपत आली होती, आणि हे कुलूप उघडलं नाही तर पाकिटं तपासून तपासून साठवलेली तिची वर्षं बँकेच्या घशात जाणार होती. ती मनातल्या मनात कुलपाच्या हातापाया पडत होती.

शेजारी तिचा नवरा उभा होता. त्याचा चेहरा मात्र हळूहळू उजळत चालला होता.

"नाही उघडत," तो पुटपुटला.

"आँ?"

"बघितलंस? तिसरी तार मोडली त्याची. सांगितलं होतं मी."

"अहो, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?"

"आपल्याच गं. पण माल बघ ना! माल बघ!"

पॅनेलवाल्याने कटर लावला. कटरचं पातं तुटून गर्दीत उडालं. चावीवाल्याच्या तोंडून "वा!" निघून गेलं, आणि गर्दीतल्या एकाने तिथल्या तिथे तसलंच कुलूप कुठे मिळेल म्हणून चौकशी केली.

"मिळेल ना," चावीवाला म्हणाला. "दुकानात आहेत. म्हणजे... आत."

वहिनीने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा वळ पुढे बरेच दिवस राहिला.

शेवटी पॅनेलवाल्याने हात टेकले. तसं लिहून दिलं आणि पेटी उचलून चालू लागला. वसुलीसाहेब म्हणाले, आता बाहेरचा माणूस आणायचा तर वरून मंजुरी हवी. मंजुरी मागवली. मंजुरी आली, पण माणूस आला नाही, कारण ज्याला म्हणून विचारावं तो सांगे, "आठ लिव्हरचं? मग त्या अमक्या दुकानाच्या चावीवाल्याला घ्या. त्याच्याशिवाय कुणाच्या बापाला जमायचं नाही." आणि तो तर खरेदीदार!

मुदत संपली. अनामत जप्त झाली.

*

त्यानंतर वहिनी दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. भांडी जोरात आपटायची तीही आपटेनाशी झाली, तेव्हा चावीवाला घाबरला. तो दुकानापुढच्या फुटपाथवर उसनी कानस घेऊन बसायचा आणि घरी येताना रोज काही तरी आणायचा. एकदा पेरू, एकदा चिमणीसाठी शिट्टी. शिट्टी वहिनीने खिडकीतून बाहेर टाकली.

चिमणीला मांडीवर पाजताना ती तिच्या केसांतून बोट फिरवत बसे. ती रडत नव्हती. तिला रडू येण्याआधी राग यायचा आणि रडण्याची वाट तिथेच बंद व्हायची. दार त्यांनी लावायचं, चावी त्यांनी हरवायची, उघडूही त्यांनीच द्यायचं नाही, आणि उशीर झाला म्हणून पैसे मात्र हिचे घ्यायचे! हे सगळं ती चिमणीला अगदी हळू, गाण्याच्या चालीवर सांगायची. चिमणी ऐकता ऐकता झोपायची. या घरात तिची बाजू पूर्ण ऐकून घेणारं तेवढं एकच माणूस होतं.

मग जप्तीचं पत्र आलं. दाराशी चावीवाला गेला.

"सही करतो, द्या."

"तुमची नाही चालायची," पोस्टमन म्हणाला. "बाईंच्या नावावर आहे. ज्यांचं आहे त्यांनाच द्यायचं."

"अरे, मी नवरा आहे तिचा."

"असाल. मला काय करायचंय? खरेदीदार त्या आहेत ना?"

आत चिमणीला झोपवत असलेल्या वहिनीचा थोपटणारा हात थांबला. ती तशीच उठून दाराशी आली. पत्रावरचं नाव पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग कपाळावर असा हात मारला की चिमणी दचकून जागी झाली.

"मी!" ती म्हणाली. "अहो, मी!"

"तू काय?"

"खरेदीदार मी आहे! तुम्ही कोण लागता?"

चावीवाल्याने बराच विचार केला. "नवरा," तो शेवटी म्हणाला. "मघाशी सांगितलं मी यांना."

"नवरा म्हणजे कुणीच नाही! म्हणजे बाहेरचा माणूस! चपला घाला."

*

वसुलीसाहेब तिला बघून आधीच हात जोडून बसले. "वहिनी, माझ्या हातात आता काही..."

"काही मागायला नाही आले. एक विचारायला आलेय. खरेदीदार सोडून कुणीही कुलूप उघडू शकतो, बरोबर?"

"नियमच आहे तसा."

"मग खरेदीदार कोण?"

साहेबांनी पेनाने चावीवाल्याकडे बोट दाखवलं.

"नाव वाचा."

साहेबांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, परत लावून वाचलं. नाव बदललं नाही. "या कोण?" त्यांनी विचारलं.

"या, मी. पंधरा दिवस तुमच्यासमोर उभी आहे. सहीही तुमच्याच टेबलावर केलीय. तुम्ही बोलत होता यांच्याशी, शेरा मारलात यांच्यावर, आणि जप्त केलेत ते पैसे माझे. बरोबर वेळेला मी बरी आठवले तुम्हाला!"

"अहो, पण मी विचारलं होतं ना, खरेदीदार कोण? तुम्हीच यांच्याकडे बोट केलंत!"

वहिनीने स्वतःच्या त्या बोटाकडे पाहिलं. "केलं," ती म्हणाली. "सवयीने केलं. माझी अक्कल तेवढ्यापुरती गहाण पडली होती म्हणा. पण कागद माझ्या हातात नव्हता, साहेब, तुमच्या हातात होता. आणि चावी काय मी हरवली?"

शेवटचं वाक्य जरा मोठ्याने निघालं. खोलीतले लोक वळले. कपाटापुढच्या बाईही वळल्या. त्यांचं कपाट अजून बंदच होतं. काचेच्या पडद्यापलीकडून कर्जवाल्या मॅडम उठल्या आणि बहुधा नोकरीत पहिल्यांदाच जेवणाच्या सुट्टीखेरीज अलीकडे आल्या. त्यांनी कागद बघितला आणि पदराआड हसू दाबलं. मग म्हणाल्या, "साहेब, हे प्रकरण वर गेलं तर चावीचंही विचारतील हां."

चावीचं नाव निघताच साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते कागद घेऊन मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. आतून आवाज आला तो एकाच माणसाचा, आणि तो वसुलीसाहेबांचा नव्हता. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात नवा कागद होता. विलंब बँकेकडून झाला असल्याने जप्ती रद्द. मुदत वाढवून. कुलूप उघडायला बाहेरचा कारागीर नेमायला हरकत नाही.

"सही करा," असं म्हणून त्यांनी कागद चावीवाल्यापुढे धरला. मग स्वतःच जीभ चावून तो वहिनीकडे वळवला.

*

सगळी वरात दुकानापुढे आली. वसुलीसाहेब, मॅडम, मॅडमचा दुकान तपासणारा माणूस, फोटोवाला, आणि बातमी लागल्यामुळे मुद्दाम आलेला पॅनेलवालाही. चावीवाल्याने सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. गुडघ्यावर बसला. बोटं मोडली. कुलपाला कान लावला. पोथी वाचायला बसल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. गर्दी चिडीचूप.

त्याने तार आत घातली. चिमणीने उचकी दिली.

कट्.

कुलूप उघडलं होतं. दुसरी उचकी यायच्या आत.

टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. वहिनीने चिमणीचे इतके मुके घेतले की ती वैतागली. पॅनेलवाल्याने पेटी खाली ठेवून, मनापासून नमस्कार केला. शटर वर गेलं, मॅडमचा माणूस आत शिरला, फोटोवाल्याने फोटो घेतले. चावीवाला मात्र जागचा हलला नाही.

"अहो, उठा ना! उघडलं!"

"हो," तो म्हणाला. कुलूप हातात घेऊन तो त्याच्याकडे बघत होता. "उघडलं."

"मग?"

"इतक्यात उघडलं?" त्याचा आवाज भरून आला होता. "अगं, मी लोकांना काय काय सांगून विकलंय हे! एकदा तरी झुंज द्यायची. निदान लोकांसमोर तरी!"

"तुम्हाला उघडल्याचं दुःख होतंय?"

"कंपनीने फसवलं," चावीवाला म्हणाला. साऱ्या प्रकरणात तो पहिल्यांदाच संतापला होता.

वहिनीने यावर काही बोलण्यात अर्थ नाही हे ओळखलं. चिमणी तिने त्याच्या मांडीवर ठेवली आणि आत गेली. मॅडमचा माणूस पोटमाळ्याखाली उभा राहून मापं घेत होता. झोळीला आकडा कुठे ठोकायचा तेही तिने बघून घेतलं.

मॅडमनी काउंटरवरच कर्जाचा अर्ज पसरला आणि भराभर विचारायला लागल्या. खरेदीदाराचं नाव. शिक्षण. आधीची नोकरी. वहिनीने सगळं न अडखळता सांगितलं.

"पतीचा व्यवसाय?"

वहिनीने मान वळवून बाहेर पाहिलं. पायरीवर तिचा नवरा बसला होता. एका हाताने तो कुलूप पुन्हा पुन्हा उघडून बंद करत होता, आणि दुसऱ्या हाताने, न बघता, पण अगदी सराईतपणे चिमणीला थोपटत होता.

"मुलगी सांभाळतात," वहिनी म्हणाली.

चावीवाल्याने झटकन वर पाहिलं. काही तरी खणखणीत सुनावायला तोंडही उघडलं. पण चिमणीचा नुकताच कुठे डोळा लागला होता.